कढई धुण्याचा मुहूर्त

गोळ्यांच्या त्या कारखान्यात सगळे स्वाद एकाच मोठ्या कढईत शिजत. कोणता कधी शिजवायचा हे ठरवणाऱ्या गृहस्थाला सगळे 'वेळापत्रक' म्हणत, घरीसुद्धा. नियम साधा होता. आधी दोन दिवस व्हॅनिला, मग एकेक दिवस संत्रं, कॉफी आणि शेवटी पेपरमिंट, कारण पेपरमिंटचा वास कढईला सोडत नाही. त्यानंतर दिवसभर कढई धुवायची.

कढई चालू असली की वेळापत्रकाचा जीव तिथे अडकलेला. कधी साखर उशिरा येई, कधी बॉयलर रुसे, आणि सगळा क्रम त्याला नव्याने मांडावा लागे. त्यामुळे घरचं प्रत्येक कार्य धुण्याच्या दिवशी होई. त्याचं स्वतःचं लग्नही तसंच झालं होतं. मुलगी तेवढी कॉफीच्या दिवशी जन्मली, आणि हे त्याने तिला पुरतं माफ केलेलं नव्हतं.

आता त्याच मुलीचं नोंदणी लग्न शनिवारी होतं. शनिवार धुण्याचा.

सोमवारी विक्रीसाहेब आले. "पेपरमिंट आज घ्या. मोठं गिऱ्हाईक आहे."

"मग उद्या कढई धुवावी लागेल, आणि शनिवारी कॉफी येईल."

"येऊ दे की. कॉफीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"शनिवारी मुलीचं लग्न आहे."

"अरे वा, अभिनंदन. आणि धुता कशाला उगाच? पाण्याने विसळा आणि पुढे चला. पेपरमिंट आहे, विष नाही."

या विषयावर वेळापत्रकाचं एक व्याख्यान तयार होतं. ते ऐकून पूर्वी दोन व्यवस्थापकांनी नोकरी बदलल्याचं बोललं जाई. त्याने तोंड उघडलं. मग त्याला आठवलं की माल गार होऊन, वेष्टनात जाऊन चव तपासणाऱ्या बाईंकडे पोचेपर्यंत शुक्रवार उजाडतो. त्याने तोंड मिटलं.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. विक्रीसाहेबांना हा स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव वाटला.

शुक्रवारी बाईंनी व्हॅनिलाची गोळी तोंडात टाकली आणि डोळे पुसले. "साहेब, स्वादाचं माहीत नाही, पण माझं नाक मोकळं झालं." संत्र्याचीही तीच तऱ्हा.

मालकांनी हुकूम सोडला: उद्या कढई घासून धुवायची, आणि विसळायला सांगणाऱ्यांनी शेजारी उभं राहायचं.

शनिवारी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर वेळापत्रक नव्या शर्टात, वेळेच्या आधी हजर होता. सह्या झाल्या. वाटायला बिघडलेल्या व्हॅनिलाचा डबा होताच. कारखान्याने तो फुकट दिला होता. व्याह्यांनी गोळी चघळली आणि आदराने विचारलं, "औषधी आहे का?"

इतक्यात फोन वाजला. विक्रीसाहेब होते. "अहो, अजून वास येतोय हो."

"परत धुवा," वेळापत्रक म्हणाला, आणि फोन बंद करून खिशात टाकला.

बायको त्याच्याकडे बघत होती. "अहो, खरं सांगा. सोमवारीच ठाऊक होतं ना तुम्हाला?"

वेळापत्रकाने डब्यातली एक गोळी उचलून तोंडात टाकली. तोंडात काही असताना बोलू नये, ही शिस्त तो लहानपणापासून पाळत आला होता.