लाल रेघेचा ग्लास

मी एक जुना काचेचा ग्लास आहे. बुडाशी ओरखडे पडलेले आणि पोटावर लाल नेलपॉलिशने ओढलेली एक रेघ. डोंगरातल्या वांकायो गावच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली आहे, तिच्या खिडकीत मी राहतो. मित्रांनो, मला पाहून कोणी वाहवा करणार नाही. पण माझे नशीब चांगलेच निघाले, हे मी आधीच सांगून टाकतो. कुरकुर करायला मला आयुष्याने फारसे कारण दिले नाही.

माझा जन्म राजधानीत, लिमाच्या एका काचकारखान्यात झाला. एकाच साच्यातून निघालेले आम्ही बारा भाऊ पेंढ्यात गुंडाळून ट्रकने डोंगर चढलो. घाटमाथ्यावरच्या थंडीने दोघे वाटेतच तडकले. उरलेले दहा जण प्रोस्पेरामावशींच्या गुत्त्यात पोचलो. तिथे माझे नऊ भाऊ फळीवर उभे राहिले आणि कामाला लागलो मी एकटा.

त्याचे कारण असे. आमच्या गावात माणसे बिअर प्यायला बसली की प्रत्येकाला वेगळा ग्लास देत नाहीत. गोल करून बसायचे, मध्ये बाटली, आणि सगळ्यांत मिळून एक ग्लास. आपण ओतून घ्यायचे, बाटली शेजाऱ्याच्या हाती द्यायची, एका दमात प्यायचे, तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लास पुढे करायचा. वेगळा ग्लास मागणारा माणूस आमच्याकडे शिष्ट समजला जातो. मावशी नेहमी मलाच उचलत. एका संध्याकाळी मी चाळीस हातांतून फिरून येई. लोक म्हणत, "मावशी, तुमचा हा ग्लास काही रिकामा राहत नाही बघा!" आणि मी फुगून जाई. माझ्यातून गेलेली बिअर पुढे कोणाच्या घरात काय करते, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

पुढे मावशींच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि गुत्ता बंद झाला. भाऊ कुठे कुठे गेले. मी मात्र मेणबत्त्यांच्या तुकड्यांबरोबर एका खोक्यात दोन वर्षे धूळ खात पडलो. ते दिवस वाईट होते. कोणी हातात घेत नाही, कोणी धूत नाही.

त्या खोक्यातून मला काढले ते मावशींच्या भाचीने, हेर्मेलिंदाने. ती दवाखान्यात नर्स होती. दारूची ओढ कमी करणाऱ्या एका नव्या गोळीचा अभ्यास तिथे सुरू झाला होता. त्यासाठी आपणहून येणाऱ्या माणसांना नीट पारखून घ्यायचे, हे तिचे काम. थोडी पिणाऱ्यांनी घरीच दहा दिवस दारू बंद ठेवायची आणि मग गोळी सुरू करायची. फार पिणाऱ्यांना मात्र घरी पाठवायचे नाही. ज्याच्या अंगात दारू मुरली आहे त्याने ती एकदम सोडली, तर त्याला झटके येतात, कधी जीवही जातो. म्हणून कोण थोडे पितो आणि कोण फार, या निवडीत चूक होऊन चालणार नव्हते.

लिमाहून तिला प्लास्टिकचे एक मोजपात्र आले होते. पण ते हातात दिले की लोक लाजत आणि ते घेऊन थेट संडासाकडे निघत. त्यांना वाटे, लघवी तपासायची आहे! हसून हसून हेर्मेलिंदाची पुरेवाट झाली आणि ती मावशींकडे आली.

"पिण्याबद्दल विचारतेस आणि हातात ते भांडं देतेस?" मावशी म्हणाल्या. "हा ने. याला सगळं गाव ओळखतं."

हेर्मेलिंदाने मला गरम पाण्याने धुतले आणि माझ्या पोटावर लाल रेघ ओढली. रेघेपर्यंत बिअर म्हणजे एक माप. त्या दिवसापासून मी पुन्हा कामाचा झालो. मावशींचे आणि तिचे उपकार मी कधी विसरणार नाही.

माणसे येत, श्वासातली दारू मोजणाऱ्या नळीत फुंकर मारत, प्रश्नांना उत्तरे देत. कोणी दहाचे दोन सांगे, कोणी अभ्यासात शिरायला मिळावे म्हणून दोनाचे दहा. हेर्मेलिंदा सगळ्यांना म्हणे, "इथं कुणी रागवायला बसलेलं नाही. जे आहे ते सांगा."

एका सकाळी सेनोबियोकाका आले. ते सणासमारंभातल्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवत. त्यांची बायको अकिलिना बाहेर बाकावर विणत बसली. काकांनी दोन्ही हात अंगावरच्या लोकरी पोंचोखाली काखेत दाबून धरले होते.

"कशासाठी यावंसं वाटलं, काका?"

"नातीचं जावळ आहे, सिस्टर. पुढच्या महिन्यात. एकेक नातेवाईक एकेक बट कापणार, आणि पहिली बट आजोबाची. पण आमची लेक म्हणते, बाबा, प्यायलेल्या हातात मी कात्री देणार नाही." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "म्हणून सोडायची आहे."

"किती ग्लास घेता?"

"एक."

"आणि सणाला?"

"सणाला पण एकच. दुसरा कोण देतो?"

हेर्मेलिंदाने लिहिले: एक. तीही इथलीच होती, तिला तो गोल आणि त्यातला एकच ग्लास ठाऊक होता. पण छापील कागद समोर आला की माणूस कागदाचाच होऊन जातो. काकांनी नळीत फुंकर मारली, आकडा शून्य. आदल्या रात्रीपासून बायकोने त्यांना नजरेआड होऊ दिले नव्हते. रक्ताच्या तपासणीचा निकाल लिमाहून यायला आठवडा लागणार होता, म्हणून गट तूर्त उत्तरांवरच ठरला. थोडी पिणारे.

"उद्यापासून दहा दिवस थेंबही नाही," हेर्मेलिंदा म्हणाली. काकांनी खुशीत सही केली.

माझा जीव कासावीस झाला. एक म्हणजे काय, हे त्या खोलीत माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? पण काचेला वाचा नसते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचे वाईट वाटले.

शेवटचे एक काम राहिले होते. बिअरच्या रिकाम्या बाटलीत हेर्मेलिंदा पाणी भरून ठेवी आणि म्हणे, "घरी ओतता तसं ओता." काकांनी पोंचोतून हात काढले. मला उचलले. बाटलीची मान माझ्या काठावर टकटक वाजू लागली, इतका त्यांचा हात कापत होता. रेघ ओलांडून त्यांनी मला काठोकाठ भरले, बाटली हेर्मेलिंदाच्या हातात दिली, एका दमात पाणी प्यायले, उरलेले थेंब फरशीवर झटकले आणि मला तिच्यापुढे धरले.

"घ्या सिस्टर, तुमची पाळी."

"अहो काका, फरशी!" असे म्हणून ती फडके आणायला वळली. आणि दोन पावलांवर थांबली.

"काका, तुम्ही गोल करून बसता तेव्हा ग्लास किती असतात?"

"एकच की."

"आणि बाटल्या?"

"बाटल्या? यजमान खोकं आणून ठेवतो. संपलं की दुसरं. वादकांना नाही कसं म्हणणार?" काका बुचकळ्यात पडले. "तुम्ही ग्लास विचारलात, सिस्टर. बाटली कुठं विचारलीत?"

हेर्मेलिंदाने लगेच अकिलिनाला आत बोलावले आणि विचारले, "यांनी याआधी कधी एकदम सोडली होती का?"

"सोडली होती ना. ईस्टरच्या आधी, उपासाच्या आठवड्यात. तिसऱ्या दिवशी धाडकन पडले, डोळे पांढरे, तोंडाला फेस. आम्हाला वाटलं, कशाचं तरी भय अंगात शिरलं. ते काढायला जिवंत गिनीपिग अंगावरून उतरवून घेतला. मग मेव्हण्यानं दारूचे दोन घोट पाजले आणि उठून बसले. गिनीपिगचा गुण आला म्हणायचा!"

हेर्मेलिंदाने सही केलेला कागद उचलला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे घेत नाही मला? खरं बोललो म्हणून काढता होय?"

"खरं बोललात म्हणून नाही, काका. मी चुकीचं विचारलं म्हणून. उद्या घरी एकदम सोडली असतीत, तर जावळाला तुम्ही नसता. अभ्यासात नाही घेत. पण घरीही नाही पाठवत. आज इथंच राहायचं. डॉक्टर हळूहळू सोडवतील."

काका नाराज झाले, अकिलिना त्यांच्यावर डाफरली, आणि अखेर ते राहिले. अकिलिना रोज उकडलेले बटाटे घेऊन यायची आणि येता-जाता माझ्या खिडकीशी थांबून सांगायची, "आज जेवले," "आज झोपले." झटका आला नाही. त्याच आठवड्यात हेर्मेलिंदाने 'एक' म्हणणाऱ्या आधीच्या अकरा जणांना परत बोलावून घेतले. त्यांत असेच आणखी दोघे निघाले. मग तिने लिमाला पत्र लिहिले आणि प्रश्नच बदलून घेतला. आता आधी विचारतात: बाटल्या किती, आणि गोलात माणसे किती?

पुढच्या महिन्यात दार उघडले आणि काका आत आले. कडेवर एक गोलमटोल मुलगी, डोक्यावरचे केस वेडेवाकडे कापलेले. मागून अकिलिना ओरडली, "सिस्टर, बघा तरी! पहिली बट यांनी कापली, आणि पोरीचे दोन्ही कान जागेवर आहेत!"

हेर्मेलिंदा हसता हसता रडली. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी मी धन्य झालो, मित्रांनो. इतकी वर्षे माणसांच्या एका हातातून दुसऱ्या हातात फिरून मी त्यांना काय दिले होते, ते मला माहीत आहे. तरी त्यांनी मला फोडले नाही, फेकले नाही, धुऊन पुसून एका भल्या कामाला लावले.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागतो. कोणी तुम्हाला "एकच" म्हणाले, तर त्याला खोटारडा ठरवू नका, आणि ते लिहून घेऊन मोकळेही होऊ नका. जरा त्याच्याजवळ बसा. त्याच्या हातांकडे बघा. आणि पुन्हा एकदा विचारा.