तीन नंबरचा नमुना

समजा, तुम्ही एका काचेमागे बसला आहात. पलीकडच्या खोलीत विजेच्या खांबांवर असतात तसे चिनीमातीचे पांढरे लट्टू ओळीनं मांडलेत. प्रत्येकावर फक्त नंबर. कारखान्याचं नाव नाही, देशाचंही नाही.

अशीच एक मुलगी शाळा सुटल्यावर तिथे बसायची. तिची आई सरकारी वीज कंपनीत खरेदी अधिकारी होती. शेजारच्या चार देशांनी मिळून एक करार केला होता: सरकारच्या मालकीच्या कंपन्यांनी खरेदी करताना घरचा-परका बघायचं नाही, माल आणि भाव बघायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच त्या नियमानं खरेदी होणार होती. मुलीच्या मामानंही नमुना पाठवला होता. ही ऑर्डर मिळाली, तरच त्याची दुसरी भट्टी पेटणार होती.

नावं झाकली की झालं, मग चाचणी आपणच घ्यायला हरकत नाही, असं आईला वाटलं होतं. पण तीन नंबरचा लट्टू हातात घेतला आणि ती थबकली. बुडाशी झिलई न लागलेला अंगठ्याएवढा डाग होता. झिलईत बुडवताना लट्टू असा धरायची खोड एकट्या मामाची!

तिनं लट्टू खाली ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठांना म्हणाली, "साहेब, हा माझ्या भावाचा. आधीच सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. चाचणी दुसऱ्या कुणाला तरी करू द्या."

साहेब हसले. "अहो बाई, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलंय ना!"

चाचणी दुसऱ्यानं केली. लट्टूंना वीज जोडून पाण्याची फवारणी चालू असताना तीन नंबरवर ठिणगी उडाली. पाच नंबरचा शेवटपर्यंत टिकला, भावही त्याचाच कमी. तो शेजारच्या देशातला निघाला.

संध्याकाळी मामा फणफणत घरी आला. "ताई, कंपनी आपली, सरकार आपलं, आणि माल परक्याचा? सख्खी बहीण आत बसून उपयोग काय?"

"चहा घे आधी, बंड्या."

"चहा नको!" म्हणत त्यानं कप ओढला.

"पुढच्या महिन्यात त्या शेजारच्या देशाची सरकारी वीज कंपनी खरेदी काढतेय," आई म्हणाली. "आजच्या पेपरातच जाहिरात आहे."

"तिकडे मला कोण विचारतंय?"

"विचारावंच लागेल. आज मी तुझी बाजू घेतली असती, तर उद्या त्यांनी तुला कुठल्या तोंडानं आत घ्यायचं? करारावर त्यांचीही सही आहे."

मामानं चहा संपवला. मग पुटपुटला, "झिलई नीट बसवावी लागेल. पण तो एवढा मोठा अर्ज कोण भरणार?"

मुलीनं गणिताची वही मिटली. पेपरातली जाहिरात कापून मामापुढे ठेवली, पेन उघडलं आणि विचारलं, "मामा, कारखान्याचा पूर्ण पत्ता सांग. सावकाश सांग हं, मी आधी कच्चा लिहून घेते."