समोरचा वारा

आमच्या साहेबाला ऑफिसात सगळे कप्तान म्हणायचे आणि ते गाढव खूश व्हायचं. आयुष्यात बादलीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही, पण आमच्या राक्षस-जादूगारांच्या गेममध्ये शिडाची जहाजं आणायची टूम याचीच. वारा मात्र मी लिहिला. सहा महिने मान मोडून. शिडात वारा भरतो कसा, जहाज कलतं कधी, वारा तोंडावर असला की सरळ न जाता डावी-उजवीकडे तिरकं तिरकं कसं काढावं लागतं, सगळं.

कप्तानाने पाच मिनिटं खेळून अकलेचे तारे तोडले. म्हणे, लोक कंटाळतील, बाण दाबला की जहाज तिकडे गेलं पाहिजे, वारा काढून टाक. चित्रं काढणारी बाई मान डोलवत होती. तिने तर शिडं खिडकीच्या पडद्यासारखी काढली होती, झालरीसकट.

मी म्हटलं, माझ्या बाबांनी चाळीस वर्षं शिडाच्या जहाजावर सुकाणू धरलंय. ते खेळून सांगतील. त्यांना वारा नको असला तर मी स्वतः काढीन. कप्तान हसत कबूल झाला. आता याची चांगली जिरणार, म्हणून मी दोन दिवस मजेत होतो.

शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आधी माझा वारा. तीन वळणांत त्यांनी जहाज बंदरात आणलं आणि म्हणाले, बरोबर आहे, असंच असतं. मी कप्तानाकडे पाहून घेतलं.

मग त्याने वारा बंद केला. बाबांनी बाण दाबला, डोलकाठीवरचं निशाण तोंडावरचा वारा दाखवत असूनही जहाज सरळ बंदरात घुसलं. आता हसतील म्हणून मी थांबलो. त्यांनी जहाज पुन्हा बाहेर नेलं आणि पुन्हा सरळ आणलं. असं चार वेळा.

"बाबा, असं जहाज असतं का कुठे?"

"नसतं." त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "तुझी आई शेवटची आजारी होती ना, तेव्हा बंदर समोर दिसत होतं. वारा तोंडावर. तिरकं तिरकं काढत दोन दिवस गेले. घरी पोचलो तर तिला नेलेलं होतं."

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. म्हाताऱ्याला घरापेक्षा जहाज प्यारं, हे मी बहिणीला सांगितलंय, बायकोला सांगितलंय, एकदा त्यांच्या तोंडावरही. उशीर का झाला, हे कधी विचारलं नाही. एवढा मोठा वाऱ्यातला शहाणा मी.

कप्तानाने बाबांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला, तोही आवाज न करता. बाबा पाचव्यांदा निघाले होते.

सोमवारी वारा मीच काढला. कप्तान म्हणाला, एवढी मेहनत आहे तुझी, हवं तर दोन्ही ठेवू. मी म्हटलं, नको, सरळच जाऊ दे.