दुसरी काडी

हंसाबाईनं आयुष्यात कोणाचं ऐकलं असेल तर बैलांचं, तेही ते तहानले असतील तेव्हा. म्हणून सून बसंती भर अंगणात "लालीले दाताच्या डाक्टरकडं न्या लागते" असं म्हणाली, तेव्हा तांड्यातल्या बाया हातातलं काम ठेवून आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दातासाठी डाक्टर!" हंसाबाई म्हणाली. "उद्या नखासाठी कलेक्टर बोलावजो."

"मंग तुमी नका येऊ, माजी. मी नेतो."

झालं. येऊ नका म्हटल्याबरोबर हंसाबाई सगळ्यांत आधी बैलांच्या दमणीत चढून बसली.

महाराष्ट्र होऊन दुसरं साल चाललं होतं. पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर अन्सारशेठचं टायरांचं दुकान होतं. शेठचा पोरगा इकबाल मोठ्या शहरात दाताचं शिकून आला होता आणि बाजाराच्या दिवशी दुकानामागच्या खोलीत खुर्ची मांडून बसायचा. लाली सात वर्षांची. दुधाचे दात पडून पुढचे नवे येत होते, त्यातला वरचा एक दात खालच्या दातांच्या मागं उतरत होता. तोंड मिटलं की आत अडकायचा. भाकर तोडताना पोरगी डोळे घट्ट मिटून घ्यायची. बाप देवीलाल ट्रकवर, हैदराबादकडे. म्हणजे घरात बोलायला या दोघी बाया आणि ऐकायला सगळा तांडा.

असा दात हंसाबाईनं आधी एकदा पाहिला होता. म्हणूनच तिला जायचं नव्हतं, आणि म्हणूनच घरी राहणंही जमेना.

सुखी तिची पहिली पोर, देवीलालच्याही आधीची. तिचाही वरचा एक दात असाच आत उतरला होता, आणि त्याच साली तिच्या पायात गंजका खिळा गेला. पोरीचं अंग ताठ व्हायला लागलं, दातखिळी बसायला लागली. जीभ तुटू नये म्हणून हंसाबाईनं हातातल्या पांढऱ्या बलिया, सवाष्णीच्या बांगड्या, मनगटाकडे सरकवल्या, पोरीला टोचू नयेत, आणि आपला हात तिच्या दातांत दिला. पोरीनं धरला तो धरलाच. तांडा गोळा झाला. हात सोडव म्हणाला. हंसाबाई म्हणाली, "धरू द्या. धरून हाये तवर हाये." शेवटी तिच्या नवऱ्यानं, रामधननं, बांबूची कमटी दातांच्या फटीत घालून जोर दिला. हात सुटला. पोरगीही सुटली. लोक म्हणाले, ती आधीच गेलती. हंसाबाईनं ते कधी मानलं नाही. तिच्या लेखी कमटीनं नेली.

हातावर खूण राहिली. खालची ओळ चंद्राच्या कोरीसारखी गोल. वरच्या ओळीत एक ठिपका मात्र ओळ सोडून आत गेलेला. ती खूण तीसेक वर्षं बलियांखाली झाकून होती. रामधन वारला, बलिया उतरल्या, आणि ती उजेडात आली. लाली तिच्यावरून बोट फिरवायची.

"दादी, कोन चावलं वो?"

"कुत्रं," हंसाबाई म्हणायची.

इकबालनं लालीला खुर्चीवर बसवलं, गुलाबी मेणाची पट्टी कोमट पाण्यात मऊ करून तिच्या तोंडात दिली. "चाव बेटा." मेणावर दात उठले. मग त्यानं घसा पाहायला डॉक्टर वापरतात तशी एक चपटी लाकडी काडी काढली. काडीचं टोक आतल्या दाताच्या मागं, खालच्या दाताचा टेकू, आणि हलकंच चावायचं. दात हळूहळू पुढं येईल.

"आत्ता अर्धाच उतरलाय, अम्मा. आत्ता हलेल. पुरा उतरून तिथंच बसला तर पुढं जबडाबी वाकडा वाढेल."

पोरीच्या दातांत लाकूड दिसलं आणि हंसाबाई ओरडली, "काढ! काढ ते तिच्या तोंडातून!" बाहेर टायर ठोकणारा ठोकायचा थांबला.

"तिले दुखत नाई, अम्मा."

"तुले काय मालूम, कोनाले काय दुखते ते!"

लालीनं स्वतःच काडी काढली आणि शहाण्यासारखं म्हणाली, "मले दोन पाह्यजे."

"मोडली तर म्हणून?"

"नाई. दोघींले."

"अच्छा, मैत्रीण हाये का?" इकबाल हसला आणि त्यानं मूठभर काड्या दिल्या. मेणाची पट्टीही दिली. पुढच्या खेपेला आणा म्हणाला, दात किती सरकला ते ताडून पाहू.

परतताना नाल्यावर बैल पाण्याला लागले. बसंती लालीला घेऊन खाली उतरली. हंसाबाईनं पदराच्या गाठीतलं मेण काढलं. काढू नये असं तिला वाटत होतं. तिनं ते हातावरच्या खुणेवर ठेवलं. खालची ओळ ओळीवर बसली, वरची वरच्यावर, आणि आत गेलेला ठिपका नेमका ठिपक्यावर. तिनं हात पालथा केला. मेण पडलं नाही. ते हाताला धरून राहिलं. उन्हानं मऊ झालं असेल. पण पळसाची गार सावली होती, आणि उन्हाला अशी पकड नसते. ओढून काढावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून लाली दुपारी उंबऱ्यात बसून काडी चावायला लागली. ती इकडे चावली की तिकडे कापसाच्या खोलीत हंसाबाईचा हात ठणकायचा. पोरगी थांबली की ठणका थांबायचा. हंसाबाईनं दाराआडून पाहिलं. लाली स्वतःची काडी काढायची, मांडीवरची दुसरी उचलायची, आणि कणगीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरायची. तिथं कोंबड्यांची रिकामी डाल होती, बाकी काही नाही. लाली धरून राहायची, बारक्या भावाला घास भरवताना मोठी बहीण धरते तशी. मग मान हलवायची आणि परत आपली काडी चावायची.

पोरगी खेळायला गेल्यावर हंसाबाईनं दोन्ही काड्या उचलल्या. एकीवर दात उठले होते. दुसरीवर दाताची एकही खूण नव्हती. ती फक्त ओली होती, बंद ओठांवर टेकवून धरल्यासारखी.

हंसाबाईनं सगळ्या काड्या चुलीत घातल्या.

संध्याकाळी बसंती शेतातून आली आणि तिला कळलं. "माह्या लेकराच्या काड्या चुलीत?"

"जळन नव्हतं."

"जळन नव्हतं! अंगनात पऱ्हाटीचा ढीग पडला हाये, तो काय दिसत नाई तुमाले?" बसंती सासूपुढं कधी इतकं बोलली नव्हती, आता थांबेना. "तुमची गेली, मले मालूम हाये. पन माही जित्ती हाये, माजी. मेलेल्या पोरीपायी जित्या पोरीचं तोंड वाकडं नका करू."

त्या घरात मेलेल्या पोरीचं नाव कोणी काढत नसे. हंसाबाई उठून चुलीतली राख ओढायला लागली. शेजारणींनी कान टवकारले होते, त्यांनाही ते नवल वाटलं. बसंतीनं आंब्याच्या जुन्या फळीची ढलपी काढली आणि विळ्यानं तासून एक काडी केली.

लालीनं ती घेतली नाही. "एकीनं जमत नाई," म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं. रात्री जेवली नाही. सकाळी पाणीही प्यायली नाही. दुपारपर्यंत अंग तापायला लागलं, जबडा घट्ट. बसंती घाबरली. दमणी जुंपून डॉक्टरला आणायला स्वतःच निघाली.

घरात हंसाबाई आणि लाली. बाहेर लख्ख ऊन, आत कणगीजवळचा तो कोपरा. लालीचे ओठ पांढरे पडले होते, डोळे उघडे होते, आणि ते कोपऱ्याकडे लागले होते. हंसाबाईनं हाका मारल्या, शिव्या दिल्या, गाल चोळले. पोरीचे दात कटकटले. हंसाबाईनं विचार केला नाही. हात पुढं केला.

लालीचं तोंड उघडलं आणि दात हातावर बसले, जुन्या खुणेत, ठिपक्यात ठिपका. जोरानं नाही. नुसते धरून. कोपऱ्यातली डाल करकरली, वर कोणी टेकून बसल्यासारखी.

"याडी," आवाज आला, "सोडू का?"

याडी म्हणजे आई. लाली तिला दादी म्हणायची, जन्मापासून दादीच. दात तर हातावरच होते. शब्द तोंडातून आले की हातातून, हे हंसाबाईला सांगता आलं नसतं.

सोड म्हटलं तर काय सुटेल, हे तिला ठाऊक होतं. हात सुटला तेव्हा काय गेलं ते तिनं पाहिलं होतं. आणि हेही पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं की त्या दिवशी पोरीला कोणी विचारलं नव्हतं, सोड असं कोणी म्हटलंही नव्हतं. तिनं धरू द्या म्हटलं, नवऱ्यानं कमटी घातली. पोरगी बिचारी सांगितल्यासारखी धरून राहिली होती.

हंसाबाईनं दुसरा हात पोरीच्या केसांवरून फिरवला.

"सोड, बाई. सोड आता."

दात उचलले गेले. लालीनं एक मोठा श्वास घेतला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाली, "दादी, भूक लागली."

बसंती इकबालला घेऊन आली तेव्हा नात ताकात भाकर कुस्करून खात होती आणि सासू मांडीवर ढलपी घेऊन काडी तासत होती. बसंतीनं तासलेली पहिली काडी शेजारीच पडली होती.

"हे आनखीन कोनासाठी, माजी?"

"तू तुहं काम कर. आन् डाक्टरले चहा ठेव, बिचारा उन्हातून आला."

कापूस वेचून होईस्तोवर लालीचा दात पुढं आला. आधी खालच्यावर टेकला, मग एका सकाळी पुढं निघून आला. बाजाराच्या दिवशी इकबालनं नवं मेण दिलं, लालीनं चावलं, आणि ओळ सरळ उठली. तो खूश होता. जुनं मेण त्यानं ठेवून घेतलं. नवं हंसाबाईनं मागून घेतलं. कायले पाह्यजे, असं विचारायची त्याची टाप नव्हती.

नाल्यावर बैल पाण्याला लागले. हंसाबाईनं मेण काढलं. आता ते जुळणार नव्हतं. सुखीचं जगात जे एवढंसं कोणाशी जुळत होतं, तेही गेलं. हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं म्हणून तिनं ते हातावर ठेवलं.

जुळलं.

तिनं मेण उचललं, हात उजेडात धरला. वरच्या ओळीत आत गेलेला ठिपका नव्हता. सगळे ठिपके एका रांगेत होते, जन्मल्यापासून तसेच असल्यासारखे.

"तुह्या फुफीचाबी, माह्या सुखीचाबी दात ओळीत आला," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, तिलाच माहीत.

लाली पाण्यात पाय सोडून बसली होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"येनारच ना. एक डाव मी चावायची, एक डाव ती. आंधी तिले चावताच येत नव्हतं, दादी. तुहा हात होता ना तिच्या तोंडात."