तापल्याशिवाय मी धरत नाही

मी ब्रेक पॅड बोलतोय. हसू नका. इंजिनाचं सगळे कौतुक करतात, चाकांना हात लावून बघतात, रंगावरून तर घरात भांडणं होतात. पण सुसाट आलेली गाडी वळणाआधी आवरतं कोण, हे कुणी विचारत नाही. मी आवरतो. चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. मी आणि माझा जुळा भाऊ तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. पुढच्या दोन चाकांचे मिळून आम्ही चौघे.

त्यातही मी साधासुधा पॅड नाही, शर्यतीचा आहे. धातूची पूड आणि कसल्या कसल्या भुकट्या एकत्र करून मला साच्यात दाबलं आणि भट्टीत भाजलं. एकदा तापलो की असा धरतो की चालवणाऱ्याच्या खांद्यात पट्टा रुतावा. थंड असताना मात्र माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तेव्हा मी नुसता सरकतो आणि वर किंचाळतो. याला दोष म्हणा नाहीतर जन्मखोड म्हणा, पण मी ती कधी लपवली नाही. डब्यावर स्पष्ट छापलेलं होतं.

दुकानात बरेच दिवस फळीवर धूळ खात पडलो होतो. एका दुपारी बाप-लेक आले. बाप म्हणजे अण्णा, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. लेक म्हणजे भिंगरी. खरं नाव दुसरं असणार, पण लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून अण्णांनी हे ठेवलं आणि तेच चिकटलं. दोघांनी मिळून एक जुनी छोटी गाडी घेतली होती, मागच्या सीटा काढून टाकल्या होत्या, आणि सुट्टीच्या दिवशी ती हौशी मंडळींच्या ट्रॅकवर पळवायची असा बेत होता.

“चालवणार कोण?” दुकानदाराने विचारलं.

“दोघंही,” अण्णा म्हणाले.

“मग पंचाईत आहे. पाय कसे आहेत दोघांचे?”

“माझा लोण्यासारखा. बसमध्ये उभ्या माणसाच्या हातातला चहा कधी सांडू दिला नाही मी.”

“आणि ताईंचा?”

“ती ब्रेक दाबत नाही हो, लाथ मारते.”

“अण्णा, शर्यत आहे ती. बस स्टॉप नाही,” भिंगरी म्हणाली.

दुकानदाराने दोन डबे समोर ठेवले. “हे मवाळ. थंड असतानाही धरतात, कुरकुर नाही. पण ताईंनी चार फेऱ्या जोरात मारल्या की हे दमणार, ब्रेक लागेनासा होणार. आणि हे जहाल. ताईंना हेच हवेत. पण अण्णा, तुमच्या पायाला हे तापायचेच नाहीत. न तापलेला जहाल पॅड म्हणजे असून नसल्यासारखा.”

जहाल म्हणजे मी. मला ते विशेषण आवडलं, खोटं कशाला बोलू.

अण्णांनी मवाळ डबा उचलला, उलटसुलट केला, खाली ठेवला. “जहाल द्या. पोरीला वळणावर ब्रेक कमी पडला तर माझं लोणी काय चाटायचंय?”

“आणि तुमचं काय?”

“मी तिच्यानंतर बसेन. ती तापवून देईल, मी चालवेन.”

दुकानदार हसला. त्याला ती थट्टा वाटली, पण अण्णा खरंच बोलत होते.

आणि तसंच झालं. ट्रॅकवर आधी भिंगरी बसायची. पहिली फेरी सबुरीने, मग हळूहळू पाय जड. पहिल्या दिवशी सरळ रस्ता संपता संपता तिने ब्रेकवर जी लाथ घातली, ती मी विसरणार नाही. डिस्क लाल व्हायला आली, माझ्या अंगातून जळका वास सुटला आणि मी जीव खाऊन धरलं. गाडी नाक खाली करून वाकली आणि अशी गुमान वळली की बस्स! त्या क्षणी मला कळलं की आपण कशासाठी जन्माला आलो. ज्याला आयुष्यात कधी आपल्या कामाचं माणूस भेटलंय, त्याला मी काय म्हणतोय ते समजेल.

फेऱ्या मारून ती आत यायची. इंजिन चालूच. ती उतरायची, अण्णा बसायचे. बाहेरून ती ओरडायची, “अण्णा, गाडी उभी असताना ब्रेकवर पाय ठेवू नका! पॅड डिस्कला चिकटतात.” अण्णा बिचारे दर वेळी ठेवायचे. बस स्टॉपवर पाय ब्रेकवर ठेवायची जन्माची सवय, ती कुठली जायला! मग जीभ चावून पाय काढायचे आणि निघायचे.

अण्णांचं चालवणं म्हणजे काय सांगू. मागे प्रवासी उभे आहेत असं समजून प्रत्येक वळण. लांबूनच हळू ब्रेक लावायचे, अलगद वळायचे. एक दातांचे डॉक्टर होते ट्रॅकवर, ते दर फेरीला भुर्रकन पुढे जायचे. अण्णा त्यांना हात करायचे. आधी मला राग यायचा, आपण कुणाच्या हाती सापडलो म्हणून. पण भिंगरीने दिलेली ऊब अंगात असायची, त्यामुळे त्या लोण्याच्या पायालाही मी व्यवस्थित धरायचो. अण्णांना मी थंड असताना कसा असतो हे ठाऊकच नव्हतं. लेकीने तापवलेलीच गाडी त्यांनी कायम चालवली.

दुपारी गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून दोघं जेवायची. जेवण कमी, भांडण जास्त. “तू त्या वळणाला उशीर करतेस.” “तुम्ही त्या वळणाला मुक्काम करता.” मी चाकात बसून निवत असायचो आणि ऐकायचो. ते दिवस फार छान होते.

मग भिंगरीला समुद्रापलीकडे नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली, वाकून चाकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अजून अर्धेअधिक शिल्लक आहेत. अण्णा, पॅड बदलू नका हं. मी आले की लागतील.”

“नाही बदलत,” अण्णा म्हणाले. एवढ्या एका वाक्यावर अण्णा आणि मी, आम्ही दोघं वाट बघायला बसलो.

त्यानंतर अण्णा एकटेच ट्रॅकवर जायला लागले. आता तापवून द्यायला कोणी नाही. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत मी गारठलेलाच. धरायचा खूप प्रयत्न करायचो, पण अंगात धग नसेल तर ताकद आणू कुठून? अण्णा जितके घाबरायचे तितका पाय हळू, आणि पाय जितका हळू तितका मी थंड. घरी येताना रस्त्यावर माझं किंचाळणं ऐकून लोक कानावर हात ठेवायचे. शेजारचे तर म्हणाले, “अण्णा आले हे आम्हाला आता दोन गल्ल्या आधीच कळतं.”

“अहो,” एकदा काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, गॅरेजच्या दारातून हाक मारली. “तो दुकानदार म्हणत होता ना, दुसरे मिळतात. आणा की ते.”

“भिंगरी येणारे.”

“कधी?”

“येईल.”

“तुमच्या पायाला जे झेपतं ते घालावं माणसाने. ती आली की परत बदला. दोन बोल्टांचं तर काम.”

काकूंचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मवाळ पॅड घालायचे, पोर आली की मला लावायचं. पण अण्णांना ते जमेना. मला काढलं तर पोर येणार नाही असं आपणच ठरवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत असावं. आणि मीही, खरं सांगतो, मनातून हेच म्हणत होतो की काढू नका, काढू नका.

भिंगरी आली की. दोनदा आली. पहिल्या वेळी ट्रॅक डागडुजीसाठी बंद होता. दुसऱ्या वेळी अण्णांनी गाडी धुऊन पुसून दारात उभी केली, पण ती सारखी झोपेत होती, मग पाहुणे, मग खरेदी. जाताना गाडीच्या छतावर थाप मारून म्हणाली, “पुढच्या वेळी नक्की.” चाकाकडे ती वाकली नाही. मी मात्र तिच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकला.

आणि मग ती सकाळ. हवा गार होती. दातांचे डॉक्टर मागे होते. त्या दिवशी अण्णांच्या मनात काय आलं कोण जाणे, सरळ रस्त्यावर त्यांनी गाडी खूप पळवली, अगदी भिंगरीसारखी. वळण जवळ आलं आणि भिंगरी जिथे ब्रेक लावायची तिथेच त्यांनी लावला. तीच जागा, तीच लाथ. पण मी थंड होतो हो! पहिली फेरी होती! मी डिस्कवरून नुसता सरकत गेलो. गाडी वळणाबाहेर गेली, खडीवर घसरली आणि कडेला रचलेल्या जुन्या टायरच्या भिंतीवर आदळली.

डॉक्टर धावत आले. “अण्णा, दात शाबूत आहेत ना?”

“दात आहेत,” अण्णा कण्हत म्हणाले. “बरगडी गेली वाटतं.”

बरगडीला चीर पडली होती. “पोरीला सांगू नकोस,” त्यांनी काकूंना बजावलं. काकूंनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

गाडी दुरुस्त होऊन घरी आली त्या दुपारी अण्णा गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. चाक काढलेलं, मी समोर उघडा. काकू फोन घेऊन आल्या आणि स्पीकर लावून त्यांच्या हातात दिला.

“अण्णा,” भिंगरीचा आवाज आला. माझ्या अंगात उगाच धग आल्यासारखं वाटलं. “तुम्ही अजून तेच पॅड ठेवलेत?”

“तूच म्हणालीस ना, बदलू नका.”

“अहो, केव्हाची गोष्ट ती!”

“अर्धे शिल्लक आहेत अजून. तू आलीस की...”

ती हळू म्हणाली, “अण्णा, मी इथं घर घेतलंय. सांगायचं राहूनच जात होतं.”

काकूंनी पदराने उगाच गाडीचा आरसा पुसला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

“अरे वा,” ते म्हणाले. “छान केलंस. मोठं आहे का?”

“आहे. तुम्ही दोघं या राहायला.”

“येऊ की.”

“आणि पॅड बदला. ऐकताय ना? मी येईन ती तुम्हाला भेटायला येईन. गाडी चालवायला नाही येणार आता.”

“बदलतो,” अण्णा म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. बरगडी बरी झाल्यावर स्वतः दुकानात जाऊन मवाळ पॅड आणले आणि स्वतःच्या हाताने आम्हा चौघांना काढलं. काकू म्हणाल्या, “टाकायचे का हे?” अण्णा म्हणाले, “राहू दे.” आम्हाला जुन्या फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवलं. तिथेच मी आहे.

भिंगरीची आठवण येते. रोज येते. तिच्या घराजवळ ट्रॅक आहे की नाही मला ठाऊक नाही. तिचा पाय आता कशावर जोर काढतो, तेही ठाऊक नाही. अर्धा झिजलोय, अर्धा शिल्लक आहे, आणि त्या शिल्लक अर्ध्याला एकदाच, फक्त एकदाच पुन्हा तसं पेटायचंय. ते होणार नाही हे मला कळतं, पण वळत नाही.

माझं जाऊ द्या. मला काळजी अण्णांची आहे. मवाळ पॅड घातल्यापासून त्यांनी गाडी एकदाही ट्रॅकवर नेली नाही. सुट्टी आली की गॅरेजमध्ये येतात, गाडीवरचं कापड काढतात, जेवणाचा डबा सीटवर ठेवतात. मग फळीवरून मला उचलतात, अंगठ्याने जाडी बघतात, “बरंच आहे अजून,” असं पुटपुटतात आणि स्टुलावर बसून राहतात. ट्रॅकवर चला म्हणून दातांच्या डॉक्टरांचा फोन आला तर म्हणतात, “पुढच्या सुट्टीला बघू.” डबा तसाच घरात परत जातो.

अण्णा, मला बोलता आलं असतं तर एवढंच म्हणालो असतो. ते नवे पॅड तुमच्या पायाचे आहेत. ते पहिल्या वळणाला धरतात, त्यांना कुणी तापवून द्यावं लागत नाही. डॉक्टर पुढे गेले तर जाऊ देत, हात करा. पोरीची वाट बघायचं काम माझ्यावर सोपवा. मला दुसरं काम उरलेलं नाही, आणि ते मी चोख करीन. तुम्ही मला खाली ठेवा आणि गाडी काढा.