बनुबाईचा राब

धूर सगळ्यांच्या आधी सविताने पाहिला. हातातला कोयता तसाच राहिला.

डोंगराच्या या अंगाला वनखात्याची माणसं जाळरेषा काढत होती. वणवा आला तर पुढे सरकू नये म्हणून वाळलेलं गवत कापून, झाडून जमिनीचा उघडा पट्टा करायचा. उन्हाळा लागला की सविताला हे हंगामी काम मिळायचं. अकोले तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यात होळी झाली की गवताला पेटायला एवढंसं निमित्त पुरायचं.

"कुणाच्या रानातनं निघालाय हा?" वनरक्षक गोरक्षने डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"आमच्या," सविता म्हणाली आणि पळत सुटली.

काय झालं असणार ते तिला पळता पळताच उमगत गेलं. रोज ती कामावर निघाली की शेजारची रंगुबाई तिच्या सासूजवळ येऊन बसायची. आज रंगुबाई राजूरच्या बाजाराला गेली होती. सासूला जेवू घालून, निजवून, दार नुसतं लोटून सविता निघाली होती. नवरा बजरंग सुप्याच्या कारखान्यात. फोनवर त्याचं एकच असायचं, "कडी लावून जात जा. आईला आता काय कळतंय?" सविता हो म्हणायची, पण कडी लावायला तिचा हात धजावत नसे.

ती मूळची बेलापूरकडची, उसाच्या मुलखातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा भाताचं तिला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. बनुबाईने, तिच्या सासूने, हाताला धरून तिला शिकवलं. रोप टाकायच्या जागी शेण, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची आणि ते भाजायचं, म्हणजे राब. "सांजच्याला लावायचा. वारा पडल्यावर. आन् इझंपातूर जागा सोडायची न्हाई," बनुबाई सांगायची, आणि स्वतः बांधावर फतकल मारून बसायची.

गेल्या दोन वर्षांत बनुबाई पुष्कळ विसरली होती. जेवण झाल्याचं विसरायची, कधी बजरंगला पाहून "हा कोन पावना?" म्हणायची. पण उन्हाळ्यात राब भाजायचा असतो हे तिचे हात विसरले नव्हते. कधी भाजायचा, तेवढं मात्र निसटलं होतं.

सविता रानात पोचली तेव्हा राबाची जागा काळी पडली होती. बांधाचं गवत खाऊन आग डोंगराला लागली होती. तिच्या कडेला बनुबाई निरगुडीच्या ओल्या फांदीने जाळ झोडपत होती. पदर कमरेला खोचलेला, पांढरे केस सुटलेले.

"आत्या, मागं सरा."

"तू त्या अंगाला हो," बनुबाई वळूनही न बघता म्हणाली. "तोंडावर जाऊ नगंस. कडंनं मार. कडंकडंनं."

सासूचा हा आवाज सविताने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तिने फांदी मोडली आणि सांगितलं तशी कडेने मारू लागली. धुराने दोघींना खोकला फुटला, पण म्हातारी हटली नाही. तोवर गोरक्ष आणि बाकीचे वरून आले. त्यांनी पुढचं गवत कापून काढलं. उन्हं कलली तेव्हा आग वरच्या खडकापाशी जाऊन एकदाची बसली. माणूस-जनावर वाचलं, पण करवंदीच्या जाळ्यांसकट डोंगराची अख्खी कूस काळी झाली.

"लावला कुणी पण?" गोरक्षने तोंड पुसत विचारलं.

"त्याला धराच तुमी," बनुबाई तावातावाने म्हणाली. "भर दुपारी, वाऱ्यात कुनी राब लावतं व्हय? अक्कल हाय का न्हाई माणसाला?"

सगळ्यांच्या नजरा सविताकडे वळल्या. कुणा वाटसरूची बिडी पडली असेल, असं सविताच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"आमच्याच राबातनं गेला, साहेब. चूक माझी हाय."

बनुबाई तिच्याकडे वळली. "तू लावलास?"

सविताने क्षणभर त्या राखेने माखलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "व्हय, आत्या."

"किती येळा सांगितलं तुला? सांजच्याला लावायचा म्हनून. ऐकायचंच न्हाई का कुनाचं?"

"चुकलं माझं."

सगळ्या माणसांसमोर सविता मान खाली घालून बोलणी खात उभी राहिली. गोरक्षने म्हातारीच्या काजळलेल्या तळहातांकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. जाताना तो सविताला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, मला कळलं सगळं. पण उद्यापासून कामावर येऊ नका. वरनं विचारणा झाली तर मला उत्तर द्यावं लागतं."

"व्हय साहेब."

"आणि म्हातारीला एकटं सोडू नका."

दिवेलागणीला बजरंगचा फोन आला. त्याला कुणीतरी आधीच कळवलं होतं. "कडी लावली न्हवतीस ना?"

"न्हाई."

"आता तरी लावत जा."

"आता मी घरीच हाय," सविता म्हणाली. मग बजरंगने विचारलं, "आईला भाजलं का लई?"

"हातावर फोड आल्यात. बाकी बरी हाय."

फोन ठेवून तिने कोरफडीचं पान चिरलं आणि सासूच्या तळहातांना गर लावू लागली. बनुबाई शहाण्या पोरीसारखी हात पुढे करून बसली होती. मध्येच म्हणाली, "मघाशी लई बोलले गं तुला. मनाला लागलं का?"

"न्हाई, आत्या."

"पुढच्या वक्ताला मला हाक मार. एकटीनं लावू नगंस. भ्या वाटतं आगीचं."

"मारीन हाक."

तेवढ्यात बनुबाईचं लक्ष सुनेच्या मनगटाकडे गेलं. तिथेही चांगला मोठा फोड टरारून आला होता. "अगं, तुला बी भाजलं की," म्हणत तिने ते मनगट आपल्या ओल्या, बुळबुळीत बोटांत धरलं, तोंडाजवळ नेलं आणि हळूहळू फुंकर घालू लागली.