भिंतीपलीकडचं वायफाय

२०२३ साली, दसऱ्यानंतर हे घडलं. राहनाळला आमचं आणि धाकट्या जावेचं, तुळजाचं, गोडाऊन एकमेकांना लागून आहे. मधे विटांची भिंत, पण ती छपरापर्यंत गेलेली नाही. वर हातभर फट आहे. दोन्ही गोडाऊन कपडे घरपोच पाठवणाऱ्या एकाच कंपनीने भाड्याने घेतली. कामगारांच्या हातातल्या स्कॅनिंगच्या मशीनना वायफाय लागतं. आमच्या बाजूचं काम माझ्या नातवाला, देवेशला दिलं. पलीकडचं तुळजाच्या नातीला, मनालीला. ज्याचं चांगलं चालेल त्याला अंजूरच्या चार नव्या गोडाऊनचं काम मिळणार होतं.

ते देवेशला मिळावं असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे ते मनालीला मिळू नये, एवढंच मला हवं होतं. तुळजा सातवी शिकून या घरात आली. सासरे तलाठ्याचा कागद तिच्या हातात द्यायचे आणि मला म्हशींकडे पाठवायचे. वाटणी झाल्यावर मी दर नांगरटीला तिच्या बाजूचा बांध वीतभर कोरून घेत असे. तिला दिसत होतं, पण ती कधी भांडली नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

देवेशने छताला वायफायच्या दहा पेट्या लावल्या आणि सगळ्यांचा जोर शेवटपर्यंत चढवला. मनालीने उलट तिच्या पेट्यांचा जोर कमी केला.

"गाडी घ्यायची नि ढकलत न्यायची," देवेश हसला.

मी मनालीला विचारलं, तर म्हणाली, "मोठी आजी, सगळेच ओरडायला लागले तर कोणाचं कोणाला ऐकू येईल?"

देवेशच्या मोबाइलवर वेगाचा आकडा सातशे आला, तिच्या अडीचशे. मी मुद्दाम तुळजाकडे गेले.

"आमचा सातशे हाय गो."

"बरा झाला, हौसाबाय. चाय घे," ती म्हणाली. तो चहा मला गोड लागला नाही.

माल भरला, साठ माणसं कामाला लागली आणि पलीकडची मशीनं अडकू लागली. मनाली दोन दिवस लॅपटॉप घेऊन भिंतीलगत फिरली, मग आमच्याकडे आली.

"दादा, तुझा सिग्नल फटीतून आमच्याकडे येतो. दोन्हीकडे वायफायचं नाव एकच, म्हणून आमची मशीनं जवळची पेटी सोडून तुझीच धरून बसतात. मग त्यांचा बारीक आवाज तुझ्यापर्यंत पोचत नाही. जोर जरा उतरव, दोघांचं चालेल."

"मला शिकवू नको. तुझा तू बघ."

मी ऐकत होते. बांध कोरणं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मनालीने कंपनीकडे तक्रार केली, म्हणून शुक्रवारी कंपनीचा मॅनेजर विपुल तपासायला येणार होता. त्या सकाळी देवेशने माझ्यासमोरच लॅपटॉप उघडून जोर उतरवला. "आजे, बोलू नको कुनाला," म्हणाला. विपुल आला तेव्हा पलीकडे एकही मशीन अडकलं नाही.

"आज कुठे काय बंद आहे?" त्याने मनालीला विचारलं. "आपला फॉल्ट दुसऱ्यावर कशाला ढकलता?"

"सर, त्याने आज सकाळीच सेटिंग बदललीय. मोठ्या आजीला विचारा, ती इथेच असते."

विपुल माझ्याकडे वळला. तुळजाही माझ्याकडेच बघत होती.

"न्हाय," मी म्हटलं. "त्यानं कशाला हात लावला न्हाय."

मनालीने लॅपटॉप मिटला आणि ती गेली.

अंजूरचं काम देवेशला मिळालं. तिथे चारही गोडाऊनमध्ये त्याने तसाच पूर्ण जोर लावला. चारही ठिकाणचे सिग्नल एकमेकांत अडकले आणि दोन महिन्यांत कंपनीने त्याला काढलं. आता तो शेलार गावाकडे दुकानांत कॅमेरे बसवतो. विपुल नोकरी बदलून गुजरातेत गेला. तुळजा अजून मला चहा देते, पण नातीचं नाव माझ्यासमोर काढत नाही. मनाली पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. गेल्या वर्षी मी तिला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.

"मला तेव्हाच माहीत होतं, मोठी आजी," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"